धाकटीचा फ्रेंचचा पेपर

माझी धाकटी जाऊ कुठलाही फॉर्म भरायला बसली की शिक्षणाच्या रकान्यापाशी अडते. पेन एकदा झटकते आणि लिहिते, "बी. ए., एक पेपर बाकी." बँकेत तसंच, दवाखान्यात तसंच, गॅसच्या अर्जावरही तसंच. शिरगणतीला आलेल्या मास्तरांनी तिला समजावून पाहिलं होतं, की बाई, असा काही प्रकार नसतो, एक तर पदवीधर सांगा नाहीतर बारावी सांगा. त्यावर ही म्हणाली, बारावी म्हटलं तरी खोटं आणि पदवीधर म्हटलं तरी खोटं, तुम्हाला खोटं लिहायचं तर खुशाल लिहा, मी सही करायची नाही. मास्तर उन्हातून आलेले. त्यांनी मुकाट्यानं रकान्याच्या बाहेर, समासात, बारीक अक्षरात ते लिहून घेतलं. माझं काम सोपं होतं. माझ्या रकान्यात चौथी. लिहिणाऱ्यालाही त्रास नाही आणि सांगणाऱ्यालाही नाही.

हा जो एक पेपर बाकी होता तो फ्रेंचचा. कॉलेजात परकी भाषा घ्यावी लागे, जर्मनचा वर्ग भरलेला होता, म्हणून हिनं फ्रेंच घेतलं. त्यात दुसरं काही कारण नव्हतं. शेवटच्या वर्षाला असताना लग्न होऊन आमच्या घरी आली. बाकीचे सगळे पेपर दिले, चांगल्या मार्कांनी सुटली. फ्रेंचच्या तोंडी परीक्षेच्या आठवड्यात मी धुण्याची बादली घेऊन गच्चीच्या जिन्यावरून घसरले आणि पाय मोडून घेतला. माझी दोन्ही पोरं लहान, सासूबाई तेव्हा नव्हत्या. पोरांचं, माझं, चुलीचं सगळं हिनं केलं. परीक्षेला जा असं तिला कोणी म्हणालं नाही, जाऊ नको असंही कोणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही. मी पलंगावर पाय टांगून छताकडं बघत होते आणि मला तारीख पाठ होती.

मग तिला मुलगी झाली, मग ती स्वतः चष्म्याच्या दुकानात लागली, आणि तो पेपर राहिला तो राहिलाच. चौतीस वर्षं.

दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर आहे. पुढं काचेच्या कपाटात फ्रेमा आणि गल्ल्यावर मालक, मागच्या खोलीत धाकटी. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नंबराच्या गोल काचा चाकावर घासून फ्रेमच्या आकाराच्या करायच्या, कडा गुळगुळीत करायच्या, खोबणीत बसवायच्या. मग गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचा. ती सांगते, लोक तक्त्यापुढं बसले की परीक्षेला बसल्यासारखे बसतात. खालची ओळ दिसत नसली तरी दिसत नाही म्हणायची लाज वाटते, मग अंदाजानं ठोकून देतात. म्हणून ती आधीच सांगून ठेवते, दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, इथं कोणी नापास होत नाही. बावीस वर्षं रोज हेच सांगते आहे.

तर गेल्या वर्षी त्या खुर्चीत विद्यापीठाच्या परीक्षा विभागातले एक कारकून येऊन बसले. चष्म्याची पावती करताना हिनं सहज विचारलं, की जुन्या मुलांचा एखादा विषय राहिला असेल तर पुढं काय होतं. कारकून म्हणाले, बरं झालं विचारलंत, जुना अभ्यासक्रम आता कायमचा बंद होतोय. ज्यांचे विषय राहिलेत त्यांना ही शेवटची संधी. यंदा सुटला तर सुटला, नाहीतर नावनोंदणीच रद्द.

रात्री जेवताना तिनं हे पोळी मोडता मोडता सांगितलं. भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, तिचे यजमान, बसच्या आगारात यंत्रदुरुस्तीला होते, आता निवृत्त आहेत. त्यांना कुठलीही गोष्ट चेष्टेशिवाय गिळता येत नाही. ते म्हणाले, एवढी वर्षं गाडी एका चाकावाचून चाललीच आहे की. ती हसली नाही. म्हणाली, आजवर एक पेपर बाकी असं तरी लिहिता येत होतं. यंदा राहिला तर बाकीसुद्धा लिहिता येणार नाही. मग रकान्यात काय लिहू?

त्यावर भावजींनीही घास चावायला घेतला.

अर्ज भरला. विद्यापीठानं कळवलं, की जुन्या मुलांना वर्गाला बसण्याची सक्ती नाही. वर्ग सकाळी अकराचा, तेव्हा धाकटी काचा घासत असते, म्हणजे सक्ती असती तर पंचाईतच होती. पण फ्रेंचच्या विभागानं सगळे धडे इंटरनेटवर फुकट ठेवले होते, अगदी बाराखडीपासून. वाचायचे वेगळे, ऐकायचे वेगळे, चालती चित्रं वेगळी, खेळ वेगळे. फुकट म्हटल्यावर मी विचारलं, ह्यात गोम काय आहे? माझी नात विद्यापीठातच रसायनशास्त्र शिकते. ती म्हणाली, आजी, गोम काही नाही, फक्त करणाऱ्यानं करायला पाहिजे. ते मला पटलं. नातीनं धाकटीच्या फोनवर सगळं लावून दिलं आणि वसतिगृहात निघून गेली.

दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. जेवण उरकलं की धाकटी मधल्या खोलीत मेजावर फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि वही उघडायची. मी समोर बसून मटार सोलायची, नाहीतर उसवलेलं काहीतरी शिवायची. पहिल्या दिवशी धडा सुरू झाला आणि फोनमधली बाई अशी सुसाट सुटली, की जणू दूध उतू जायला आलंय आणि हिला आत पळायचंय. माझं डोकं गरगरलं. मी म्हणाले, हिला म्हणावं जरा दमानं घे, आम्ही कुठं पळून जात नाही. धाकटीनं फोनवर कुठंतरी बोट दाबलं आणि ती बाई एकदम समंजस झाली. शब्दाला शब्द लावून, श्वास घेऊन बोलू लागली. मला बरं वाटलं. तो विषय तिथंच संपला.

मग आमचं रोजचंच झालं. धड्यांमध्ये एक बाई आणि एक बुवा होते. ते सारखे रस्त्यात भेटायचे, कसं काय, बरं आहे, तुमचं कसं काय, असं विचारायचे, आणि घरी या असं मात्र कोणी कोणाला म्हणायचं नाही. चौथ्या धड्यात बाई टोमॅटो घ्यायला गेली. सहाव्यात बुवाची गाडी चुकली. सातव्यात बाईची छत्री हरवली, आणि हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत जाऊन ती छत्री कशी होती, मूठ कसली होती, रंग कुठला होता, हे तिनं इतकं तपशिलानं सांगितलं की मला वाटलं, एवढं लक्ष होतं तर विसरली कशाला. धाकटी हसून हसून बेजार झाली. पण छत्रीचा धडा तिला पाठ झाला तो तेव्हाच.

चित्रांचे खेळ असायचे. सफरचंदाचं चित्र बोटानं ओढून शब्दावर नेऊन ठेवायचं, बरोबर असेल तर टिंग वाजायचं. ऐकून गाळलेली जागा भरायची. आणि एक फार अवघड प्रकार होता, फोनमध्ये स्वतः बोलायचं. बाई आधी बोलणार, मग तेच आपण म्हणायचं, मग पट्टी हिरवी झाली तर पास आणि लाल झाली तर पुन्हा. त्यांचा र घशातून येतो. धाकटी आठवडाभर तो र काढत होती. भावजी दारातून डोकावून म्हणाले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, दोन दिवसांत उतरेल. तिनं वहीतून डोकं न काढता सांगितलं, की उतरायला नाही, चढायलाच हवाय. शेवटी पट्टी हिरवी झाली. मग रोजच हिरवी होऊ लागली. बाई जशी दमानं बोले तशीच हीही दमानं, लांबवून, गोड बोलायची. मला वाटे, काय सभ्य माणसं आहेत ती, कोणाला घाई म्हणून नाही.

सहा महिन्यांत पंधरा धडे झाले. वही भरली, दुसरी केली. लिहिण्याच्या सरावात तिला शंभरात सत्तरच्या वर मार्क पडायला लागले. मालकांनी दुकानात गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, की आमच्या बाई फ्रेंच शिकतात. काही लोक चष्म्याचं सोडून तेवढंच बघायला मागच्या खोलीत डोकवायचे. तिला ते आवडायचं नाही. किंवा आवडायचं, पण दाखवायची नाही.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी विद्यापीठात ऐकण्याच्या परीक्षेचा सराव ठेवला होता. त्यांचा नियम असा, की शंभर मार्कांचा पेपर, त्यात पंचवीस मार्क ऐकण्याचे, आणि त्या पंचविसात निदान दहा पडलेच पाहिजेत. बाकी सगळीकडे पैकीच्या पैकी असले तरी ते दहा नसतील तर नापास. सरावासाठी तिनं सकाळची सुट्टी घेतली, इस्त्रीची साडी नेसली आणि गेली.

दुपारी आली ती सरळ मोरीवर जाऊन पायांवर पाणी घेत बसली. बराच वेळ. मी दोनदा वाढू का म्हणून विचारलं. मग तिनं सांगितलं. लांबच लांब खोली, मेजांची रांग, प्रत्येक मेजावर कानाला लावायचे फोन. एका मुलीनं तिला कोणाची तरी आई समजून बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं, ते एक असो. ध्वनिफीत सुरू झाली. दोनदा वाजवली. एकोणीस-वीस वर्षांची पोरं खाली मान घालून भराभर खुणा करत होती आणि हिला एक शब्द, एक अक्षर कळलं नाही. शेजारच्या मुलाला विचारलं, हे फ्रेंचच होतं ना? तो म्हणाला, हो काकू, सोपं होतं.

"ताई, मला फ्रेंच येत नाही," ती मला म्हणाली. "सहा महिने मी काहीतरी दुसरंच शिकले."

त्या आठवड्यात मधल्या खोलीत फोन उभा राहिला नाही. ती दुपारी पडून राहायची. झोपायची नाही, भिंतीकडं तोंड करून पडायची. भावजींनी एकही चेष्टा केली नाही, त्यावरून मला कळलं की गोष्ट गंभीर आहे. ते एकदा मला हळूच म्हणाले, वहिनी, तुम्ही काहीतरी बोला. मी काय बोलणार होते? मला टोमॅटो आणि छत्री एवढंच येत होतं.

रविवारी नात आली. तिनं विचारल्यावर मी सगळं सांगितलं. ती धाकट्या आजीचा फोन घेऊन बसली आणि सहज सातवा धडा लावला. दोन वाक्यं ऐकली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, ही बाई एवढी आजारी का वाटतेय? मग फोनवर काहीतरी दाबलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"धाकट्या आजी, हे निम्म्या वेगावर आहे. सगळे धडे. तू सहा महिने निम्म्या वेगानं ऐकत्येस."

एकदा ठेवलं की ते तसंच राहतं म्हणे, आपण बदलेपर्यंत. बोलण्याच्या पट्टीला वेगाशी देणंघेणं नव्हतं, उच्चार बरोबर असला की ती हिरवी. लिहिण्याला तर वेगच नसतो. म्हणून कुठं अडलं नाही. नातीनं बाईला तिच्या खऱ्या चालीवर आणलं, आणि खोलीत पुन्हा ते दूध उतू जायला लागलं.

हे केलं कोणी, असं नातीनं विचारलं. मला ते बोट आठवलं, माझं गरगरलेलं डोकं आठवलं, आणि दमानं घे म्हणणारं माझं तोंड आठवलं. मी ते उघडायच्या आतच धाकटी म्हणाली, मीच केलं, सुरुवातीला मला कळत नव्हतं ना, मग बदलायचं राहून गेलं. नात तिला रागावली. चांगली रागावली, शिक्षक रागावतात तशी. धाकटीनं ऐकून घेतलं. मी मटार सोलत राहिले. मटार केव्हाच संपले होते खरं तर. मी रिकाम्या शेंगा पुन्हा सोलत होते.

सोमवारी दुपारी ती पडायला निघाली तशी मी तिला मधल्या खोलीत बोलावलं. मला असं बोलायची सवय नाही. आमच्या घरात आम्ही दोघी पस्तीस वर्षं एका चुलीवर स्वयंपाक करतो, मीठ घातलं का यापलीकडं मनातलं काही विचारायची वेळच येत नाही.

मी म्हणाले, "ते तू माझ्यासाठी केलं होतंस. काल खोटं का बोललीस? फॉर्मवर तर बोलत नाहीस."

ती मेजावरचे दाणे एका बाजूला करत म्हणाली, "तुम्हालाही कळायला हवं होतं. मी एकटी ऐकत बसले असते तर दुसऱ्या धड्यालाच सोडून दिलं असतं. ती छत्रीवाली बाई मला कशाला आठवली असती?"

"पण पेपर तर गेला की. पहिल्यांदा माझा पाय, आता माझं डोकं. दोन्ही वेळा मीच."

तेव्हा ती माझ्याकडं बघायला लागली. तिचं ते बघणं मला माहीत आहे, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा सरळ बसलाय की नाही ते ती असं बघते.

"पायाचं तुम्ही अजून धरून बसलाय?" ती म्हणाली. "ताई, मला त्या तोंडी परीक्षेची एवढी धास्ती होती, की रोज सकाळी पोटात कळ यायची. तुम्ही जिन्यावरून पडलात आणि माझी सुटका झाली. मी मनात म्हटलं, बरं झालं. मग वर्षभर तोंड दाखवायची लाज वाटत होती मला, तुम्हाला वाटलं मी रुसलेय."

ते वर्ष मला आठवत होतं. ती माझ्याशी फारसं बोलत नव्हती. मी ते माझ्या खात्यावर घेतलं होतं आणि चौतीस वर्षं तिला भाजीतला चांगला तुकडा वाढत आले होते. ती खरं सांगत होती, की माझ्या डोक्यावरचं उतरवून ठेवत होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी तिला पुन्हा विचारलेलंही नाही. त्या दुपारी मी एवढंच म्हणाले, की बरं, मग आता लाव तुझी ती बाई. पाहिजे तेवढी पळू दे तिला.

"तुमचं डोकं?"

"माझं डोकं मी धरून बसते."

दोन आठवडे राहिले होते. धाकटी म्हणाली, लांबचा नवा चष्मा लागला की माणसाला जमीन खालीवर दिसते, पायरी चुकते, आणि तो धावत दुकानात येतो की नंबर चुकलाय. आम्ही त्याला सांगतो, चार दिवस डोळ्यावरून काढू नका. काढून काढून लावलात तर कधीच सवय होणार नाही. तेच तिनं स्वतःला लावलं. वेग एकदाही कमी केला नाही. एकच वाक्य दहादा, वीसदा. आधी नुसता आवाज, मग त्यातला एखादा ओळखीचा शब्द, रेल्वेच्या खिडकीतून ओळखीचं माणूस दिसावं तसा, दिसला म्हणेपर्यंत गेला. मग धडा छापलेला काढायचा, वाचायचा, झाकायचा, पुन्हा ऐकायचा. सातवा धडा आधी सुटला. बाई छत्रीची मूठ सांगत होती आणि धाकटी तिच्या जरा मागून, धापा टाकल्यासारखी, तेच म्हणत होती. दुकानात काचा घासतानाही तिचे ओठ हलायचे. मालक समजूतदार माणूस आहे, त्यानं शेवटचे चार दिवस तक्त्याचं काम स्वतःकडं घेतलं.

मी रोज समोर बसले. दोन दिवस डोकं दुखलं. नंतर मला कळेनासं झालं खरं, पण दुखायचं थांबलं.

परीक्षेच्या दिवशी ती आणि भावजी गेले. ते स्कूटरवर सोडायला गेले आणि तिथंच फाटकापाशी चार तास उभे राहिले, हे मला नंतर तिच्याकडून कळलं. त्यांनी सांगितलं नाही. मी घरी दोनदा कणीक मळली.

संध्याकाळी नातीलाही बोलावलं होतं. धाकटीनं सगळं नीट सांगितलं. लेखी ठीक गेला. ऐकण्याचे पंचवीस प्रश्न, चार-चार पर्याय, योग्य त्यावर खूण करायची. त्यातले सात तिनं कोरे सोडले होते.

नात उठून उभीच राहिली. म्हणाली, कोरे का सोडलेस, चुकलं तर मार्क कापत नाहीत, डोळे मिटून ठोकायचं होतं, सातातले दोन तरी लागले असते. धाकटी शांतपणे म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही ते ऐकू आलं असं कसं लिहू? नातीनं माझ्याकडं पाहिलं. मी काय करू? बावीस वर्षं जिनं दुसऱ्यांना अंदाज करू दिला नाही ती स्वतः कुठून करणार. पण मीही बोटांवर मोजायला लागले, कारण मला हिशोब येत होता. अठरा सोडवलेले. त्यातले दहा बरोबर हवेत. एवढं चौथीतही शिकवतात.

तोंडी परीक्षेत एक तरुण सर होते आणि एक वयस्क बाई. सरांनी भराभर काहीतरी विचारलं. धाकटीनं फ्रेंचमध्येच सांगितलं, की मला समजलं नाही, कृपा करून पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही समजलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळेला समजलं. काय काम करता असं विचारत होते. तिनं तिच्या त्या लांबवलेल्या, दमानं घेतलेल्या फ्रेंचमध्ये सांगितलं, की डोळ्यांच्या दुकानात आहे. काच, डोळा, बघणं हे शब्द तिला येत होते. घासणं येत नव्हतं, ते तिनं हातानं करून दाखवलं. बाईंनी विचारलं, काम आवडतं का. ही म्हणाली, सकाळी आवडतं, संध्याकाळी पाठ दुखते. त्यावर दोघंही हसले आणि तिला बाहेर जायला सांगितलं. हसले ते चांगल्यासाठी की वाईटासाठी, हे तिला ठरवता आलं नव्हतं.

घोटभर पाणी पिऊन ती म्हणाली, "पोटात कळ आली नाही पण. फाटकात शिरल्यापासून वाट बघत होते, आत्ता येईल, मग येईल. आलीच नाही."

निकालाला सात आठवडे लागले. तोवर घरात त्याचा उच्चार कोणी केला नाही. धाकटी दुपारी झोपायला लागली, खरंखुरं झोपायला. निकाल नातीनं विद्यापीठात पाहिला आणि दुकानाच्या फोनवर कळवला, कारण धाकटी काम करताना स्वतःचा फोन पिशवीत ठेवते. मालकांनी घेतला. त्यांना समजेना, ते म्हणाले, ऐकण्यात अकरा, हे चांगलं की वाईट? मागच्या खोलीत चाक चालू होतं. ते थांबलं.

एकूण शंभरात त्रेपन्न. मला विचाराल तर मी त्या अकराचा फोटो काढून भिंतीवर लावला असता.

पदवीचा कागद घ्यायला आम्ही दोघी गेलो. परीक्षा विभागात लांब दालन, खिडकीच्या आत एक मुलगी, बाहेर बाकांवर पंचवीस-तीस माणसं. मुलगी गठ्ठ्यातून एकेक पाकीट काढून आडनाव पुकारत होती. माणसं उठत होती, सही करत होती, जात होती. एका आडनावाला कोणी उठेना. मुलीनं दुसऱ्यांदा पुकारलं. धाकटीही मान वळवून बघत होती, की कोण ही बाई, एवढं हाक मारूनही उठत नाही. तिसऱ्यांदा पुकारल्यावर तिचा हात माझ्या मनगटावर आला.

"ताई, ती मी."

बाकावरून उठून खिडकीपर्यंत जायला तिला वेळ लागला. मुलीनं तिचं ओळखपत्र पाहिलं आणि म्हणाली, ह्यावर तर दुसरंच आडनाव आहे. धाकटीनं लग्नाचा दाखला पुढं केला, तो तिनं बरोबर ठेवलाच होता. मुलीनं सगळं जुळवून पाहिलं. मग चांगुलपणानं सांगितलं, की नोंदणी लग्नाआधीची आहे म्हणून कागदावर माहेरचं नाव छापून आलंय, पण अर्ज केलात तर सासरच्या नावानं नवीन मिळेल, महिनाभर लागेल. बहुतेक बायका करून घेतात.

धाकटीनं कागद हातात घेतला. चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला, वाचला.

"असू दे," ती म्हणाली. "पेपर हिचा राहिला होता. मी नुसती हिच्या वतीनं बसले."

मुलीनं सहीची वही पुढं सरकवली. कुठल्या नावानं सही करू, असं धाकटीनं विचारलं, आणि मुलीलाही ते पटकन सांगता येईना. शेवटी तिनं कागदावरच्याच नावानं केली. फार हळू केली. वळण आठवत आठवत.

घरी आलो तेव्हा भावजी दारातच होते. त्यांनी कागद घेतला, हात पुसून घेतला, आणि ते नाव मोठ्यानं वाचलं, आधी आडनाव, मग तिचं, मग तिच्या वडिलांचं. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं.

"कोण ह्या बाई?" ते म्हणाले.

"आहेत माझ्या ओळखीच्या," धाकटी म्हणाली.

"शिकलेल्या दिसतात. चहा घेतील का?"

"विचारून बघा. साखर कमी घेतात."

ते आत गेले, आम्ही दोघी बाहेरच टेकलो. कपाटं उघडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज येत राहिला, कारण चहाची पूड कुठं असते हे त्यांना माहीत नव्हतं. मी उठायला लागले तशी धाकटीनं मला पदराला धरून खाली बसवलं.